बिजागरी दिसत नाही

बुऱ्हाणपूरची बाई समुद्रातल्या शिंपल्यांवर काम करते म्हटलं की ऐकणारा आधी मनातल्या मनात नकाशा उघडतो. आमच्याकडे तापी आहे, केळीचे मळे आहेत, दिवसरात्र खडखडणारे पॉवरलूम आहेत, आणि मुमताज महलला 1631 साली ज्या बागेत पहिल्यांदा दफन केलं तो आहुखाना नदीपलीकडे जैनाबादला आहे. समुद्र मात्र थेट सुरतेच्या पुढे. दगड म्हणाल तर एकाच रंगाचा. असीरगडाच्या कड्यापासून आमच्या जुन्या घराच्या जोत्यापर्यंत सगळा काळा बेसाल्ट. त्यात समुद्री शिंपला कुठून मिळणार? म्हणून माझ्या कामाचा दगड नर्मदेपलीकडचा. खरगोन, मनावर, कुक्षी करत धार जिल्ह्यातल्या बाघला पोचायचं, नाहीतर अलीकडेच मान नदीच्या बाजूने चिराखानकडे वळायचं.

बाघची लेणी ज्या वालुकाश्मात कोरली आहेत, त्याच्या वर एक पांढुरका, गाठीगाठींचा चुनखडक आहे. सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा एक फाटा पश्चिमेकडून आजच्या नर्मदा खोऱ्यात आत शिरला होता, त्याच्या तळाशी साचलेला हा गाळ. आमचा बेसाल्ट त्यानंतर दोन कोटींहून जास्त वर्षांनी त्याच्या डोक्यावर येऊन बसला. नदीनाल्यांनी बेसाल्ट जिथे खरवडून काढला, तिथेच खालचा समुद्र उघडा पडतो.

या भागावर माझ्या आधी पुष्कळांनी लिहून ठेवलंय. डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी 1869 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी तापीचं आणि नर्मदेच्या खालच्या टप्प्याचं खोरं एकाच ग्रंथात घेतलं. आमच्या गावाला बाघशी जोडणारं हे पहिलं पुस्तक, असं मी उगाचच मानते. 1884 मध्ये प्रमथनाथ बोस यांचा नर्मदा खोऱ्यावरचा ग्रंथ आला. मयूरभंजच्या लोखंडाबद्दल 1904 साली जमशेटजी टाटांना पत्र लिहिणारे बोस ते हेच. आणि 1970च्या दशकात पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतल्या जी. डब्ल्यू. चिपळोणकर आणि आर. एम. बडवे यांनी बाघच्या जीवाश्मांवर लेखांची मालिकाच लिहिली. तिचा एक भाग इनोसेरामस कुळातल्या शिंपल्यांचा. ही संस्था 1946 ची. आज ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. पुण्यात शिकत असताना मी हे लेख वाचले, ते परीक्षेसाठी. मग परीक्षा संपली आणि लेख मात्र राहिले.

जीवाश्म शिंपल्याचं शास्त्रीय वर्णन हा मोठा रुक्ष प्रकार. त्यात क्रियापदाला जवळजवळ जागाच नसते. शिंपला मध्यम, उभट अंडाकृती. चोच टोकाशी, पुढे कललेली. पुढची बाजू सरळसोट उतरती. पृष्ठभागावर एककेंद्री वळ्या, खालच्या काठाकडे विरळ होत जाणाऱ्या. वळ्यांच्या मध्ये बारीक वाढीच्या रेषा. असं ओळीने. कौतुक नाही, विशेषण असलंच तर मोजता येण्याजोगं. वाचणारा कंटाळतो. लिहिणाराही कंटाळत असेल असं मला सुरुवातीला वाटायचं. आता वाटत नाही, कारण या कोरड्या यादीत एक जागा अशी असते की तिथे लिहिणाऱ्याचा प्रामाणिकपणा उघडा पडतो. ती जागा म्हणजे न दिसलेल्या भागाबद्दल तो काय लिहितो.

शिंपल्याच्या दोन झडपा जिथे जोडलेल्या असतात ती बिजागरी. 'बिजागरीत दात नाहीत' आणि 'बिजागरी दिसत नाही' ही दोन वाक्यं घ्या. पहिल्यात लिहिणाऱ्याने बिजागरी उघडी करून, भिंगाखाली धरून पाहिली आहे आणि तिथे दात नाहीत याची साक्ष तो देतो आहे. दुसऱ्यात तो सांगतो की मी शोधली, पण ती दगडात रुतली आहे किंवा तुटून गेली आहे. या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. आणि तिसरा प्रकार, बिजागरीबद्दल काहीच न लिहिणं, हा सगळ्यांत वाईट. मग पुढच्या माणसाला कळतच नाही की लिहिणाऱ्याने पाहिलं होतं की पाहायचं सुचलंच नव्हतं. पुण्याला आमचे एक सर होते. वर्णनाची वही तपासताना ते माझ्याकडे न बघता विचारायचे, "हे तू बघितलंस, की तुला माहीत होतं?" या प्रश्नाला उत्तर देता येईपर्यंत पान पुढे सरकायचं नाही.

इनोसेरामसच्या बाबतीत हा प्रश्न फार बोचतो, कारण या कुळाबद्दल पुस्तकांतून बरंच माहीत असतं आणि हातातल्या दगडात त्यातलं थोडंच दिसतं. याच्या बिजागरीला दात खरोखरच नसतात. त्याऐवजी बिजागरीच्या कडेने लहान लहान खळग्यांची एक रांग असते. दोन्ही झडपा बाहेरच्या बाजूला ताणून धरणारा लवचीक बंध या खळग्यांत बसायचा. खळगे रुंद की अरुंद, उथळ की खोल, दाट की विरळ, यावर जाती ओळखायला मोठी मदत होते. आणि नेमका हाच भाग बहुतेक नमुन्यांत दगडात पुरलेला असतो.

कवचाची रचनाही समजून घ्यायला हवी, कारण काय दिसणार आणि काय दिसणार नाही ते तीच ठरवते. कवचाचे मुख्य थर दोन. बाहेरचा कॅल्साइटचा, आतला मोत्यासारख्या चमकेचा अ‍ॅरागोनाइटचा. दोन्ही रासायनिकदृष्ट्या चुनाच, पण अ‍ॅरागोनाइट पाण्यात लवकर विरघळतो आणि कॅल्साइट चिवट असतो. आमच्याकडे कुंडी भंडारा आहे, 1615 साली अब्दुर्रहीम खानखानाने खोदवून घेतलेली जमिनीखालची पाण्याची वाट. तिच्या भिंतींवर पाण्यातून आलेल्या चुन्याचे पांढरे थर बसतात. पाणी एका ठिकाणचा चुना उचलतं आणि दुसऱ्या ठिकाणी ठेवतं, हे बुऱ्हाणपूरच्या मुलांना शिकवायला मला फार कष्ट पडत नाहीत. त्यांनी ते पाहिलेलं असतं. बाघच्या शिंपल्यातला आतला थर पाण्याने असाच बहुतेक उचलून नेला आहे. स्नायू ज्या जागी चिकटलेला होता तिथला वण आतल्या थरावर उमटलेला असायचा. थर गेला, वणही गेला. पुस्तकात इनोसेरामसच्या आतल्या बाजूचं नेटकं चित्र असतं. माझ्या नमुन्यात आतली बाजू म्हणजे गाळाने भरून घट्ट झालेला साचा. म्हणून माझ्या वहीत 'स्नायूचे वण दिसत नाहीत' हे वाक्य पुन्हा पुन्हा येतं, आणि दर वेळी ते लिहिण्याआधी मी साचा दिव्याखाली तिरका धरून फिरवून बघते. एकदा लिहायची सवय झाली की न बघताही लिहिलं जातं, ही भीती असते.

बाहेरचा थर मात्र बघण्यासारखा. कवच जिथे तुटलेलं असतं तिथली कड भिंगाखाली धरली की कॅल्साइटचे बारीक उभे स्तंभ दिसतात, कवचाच्या पृष्ठभागाशी काटकोनात, एकाला एक खेटून. पेटीत उभ्या भरलेल्या आगकाड्यांसारखे. कवच फुटलं की हे स्तंभ सुटे होतात. कधीकधी शिंपला कुठे दिसत नाही पण दगडाच्या पातळ कापात हे सुटे स्तंभ विखुरलेले सापडतात, आणि इनोसेरामस इथे होता एवढं कळतं.

दगड सोडवायचं काम हातानेच. अ‍ॅसिड वापरता येत नाही. दगडही चुना, शिंपलाही चुना, अ‍ॅसिड दोघांनाही खाईल. मग टाचण्या, साधे टोकदार सुए, आणि दातांच्या डॉक्टरांकडून मागून आणलेली झिजलेली हत्यारं. चोचेकडचा भाग सगळ्यांत शेवटी सोडवायचा, कारण तिथे कवच वळलेलं असतं आणि सुई घसरली की टोकच उडतं.

मोजमापाआधी ठरवायचं की हातात डावी झडप आहे की उजवी. यावर दरवर्षी वर्गात गोंधळ होतो. गेल्या खेपेला एक मुलगी म्हणाली, "मॅडम, दोन्ही सारख्याच तर दिसतात, डावी कशावरून म्हणायची?" मी तिला आधी तापीतला शिंपला दिला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की राजघाटाच्या खालच्या वाळूत हे काळपट हिरवे शिंपले सहज मिळतात. बिजागरी वर, पुढची बाजू आपल्यापासून लांब, असं धरलं की डाव्या हाताकडची डावी, उजव्या हाताकडची उजवी. प्रश्न उरतो पुढची बाजू कोणती. बऱ्याचशा शिंपल्यांत चोच पुढे झुकलेली असते. इनोसेरामसमध्ये ती इतकी पुढे सरकलेली असते की प्रश्नच मिटतो.

तापीच्या शिंपल्याचा मला आणखी एक उपयोग होतो. तो उघडला की आतल्या मोतिया थरावर दोन टोकांना स्नायूंचे दोन वण स्पष्ट दिसतात, आणि त्यांना जोडणारी एक रेषा, प्रावार कवचाला जिथे चिकटलेला होता ती. कोकणातल्या तिसऱ्यांमध्ये या रेषेला मागच्या बाजूला आत वळणारी खाच असते, कारण तिसऱ्या वाळूत पुरून राहतात आणि त्यांच्या श्वसननळ्या आत ओढून घ्यायला जागा लागते. तापीच्या शिंपल्यात ती खाच नाही. तिसऱ्या मी पहिल्यांदा पाहिल्या त्या रत्नागिरीच्या बाजारात, एका मावशींच्या टोपलीत. मी त्या विकत घेऊन आत बोट फिरवत बसले, तर त्या म्हणाल्या, "अगं बाई, शिजवायच्या असतात." बुऱ्हाणपूरच्या पोरीला एवढंही माहीत नाही, याचं त्यांना वाईट वाटलं असावं, त्यांनी दोनचार वरकड घातल्या.

मोजमाप म्हणजे आधी बिजागरीची रेषा आडवी ठेवायची. तिला काटकोनात उंची, तिला समांतर लांबी, बिजागरीची लांबी वेगळी, आणि चोचेपासून खालच्या काठापर्यंत शिंपला ज्या दिशेने वाढत गेला त्या अक्षाची लांबी. हा अक्ष बिजागरीशी किती अंशांचा कोन करतो, तेही. वळ्यांमधलं अंतर याच अक्षावर मोजतात, म्हणजे बालपणीच्या वळ्या आणि मोठेपणीच्या वळ्या वेगळ्या वाचता येतात. व्हर्नियर कॅलिपर आणि कोनमापक, दुसरं काही लागत नाही. जाडीबद्दल मात्र मी सावध असते. गाळाच्या वजनाखाली बरेच शिंपले चेपलेले असतात, आणि चेपलेल्या शिंपल्याची जाडी मोजून तक्त्यात घालणं म्हणजे गाळाचं वजन शिंपल्याच्या नावावर लिहिणं. अशा ठिकाणी मी आकड्यापुढे 'दबलेला नमुना' लिहिते. तक्ता कुरूप दिसतो, दिसू दे.

या सगळ्यात माझा आवडता भाग फोटोचा. पांढुरक्या दगडावर पांढुरका शिंपला फोटोत काहीच दाखवत नाही. म्हणून आधी नमुन्यावर पातळ काळी शाई द्यायची. मग कल्हईवाले भांड्यांना वापरतात तोच नवसागर. चिमूटभर नवसागर काचेच्या नळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर तापवला की दाट पांढरा धूर निघतो, तो हलक्या फुंकरीने शिंपल्यावर बसवायचा. काळ्या पृष्ठभागावर पांढरट मुलामा चढतो आणि आतापर्यंत डोळ्याला न जाणवलेल्या रेषा एकदम उभ्या राहतात: जाड वळ्यांच्या पाठीवरच्या बारीक रेषा, एका जागी वाढ थांबून पुन्हा सुरू झाल्याची खूण, काठाला कधीतरी तुटून भरून आलेली जखम. प्रकाश डावीकडून वरून द्यायचा, ही सगळीकडची रीत. नाहीतर वळी खोलगट दिसते आणि खोलगट भाग उंच. मुलामा जाड झाला तर बारीक रेषा बुजतात. पावसाळ्यात तर हे काम करूच नये. हवेतला ओलावा लागून मुलामा डोळ्यांदेखत पाघळतो. फोटो झाला की नमुना लगेच धुवायचा. आई एकदा या धुराच्या वासाने खोलीत आली आणि म्हणाली, "कल्हई करायला घेतलीस की काय? मग माझं ते पितळी पातेलं तेवढं करून दे." ते पातेलं अजून तसंच आहे.

वर्णन झाल्यावर नाव. लोकांना नावच महत्त्वाचं वाटतं, आणि नियमही कडक आहेत. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे 1930 नंतर दिलेल्या नव्या नावासोबत इतरांपासून वेगळेपण सांगणारं लेखी वर्णन किंवा व्याख्या द्यावीच लागते. पण नावं बदलत राहतात. एकेकाळी जगभरचे असे सगळे शिंपले इनोसेरामस या एकाच प्रजातीत टाकले जायचे. आज त्यांतले बरेच मायटिलॉइडिस, क्रेम्नोसेरामस अशा वेगळ्या प्रजातींत गेले आहेत. जुन्या लेखातलं नाव आता चालत नसेल तरी त्याखालचं वर्णन चालतं, पण लिहिणाऱ्याने पाहिलेलं आणि न पाहिलेलं वेगळं ठेवलं असेल तरच. मी जुने लेख उघडते तेव्हा नावावरून पटकन नजर फिरवते आणि वर्णनात रेंगाळते. चित्र चांगलं असेल तर आणखी रेंगाळते.

एवढ्या बारकाव्याची गरज काय, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार आहे. क्रिटेशियस काळातल्या कोनिएशियन टप्प्याची सुरुवात जगभरासाठी कुठून धरायची, हे 2021 मध्ये अधिकृतपणे ठरलं. जर्मनीतल्या साल्झगिटर-साल्डर इथल्या खाणीत क्रेम्नोसेरामस डिफॉर्मिस इरेक्टस हा शिंपला ज्या थरात पहिल्यांदा दिसतो, तिथून. म्हणजे एका शिंपल्याच्या वळ्या नीट वाचता आल्या नाहीत तर काळाची रेषाच सरकेल. बाघच्या चुनखडकाचं वय साधारण याच रेषेच्या आसपासचं असल्यामुळे आमच्याही शिंपल्यांना त्या हिशेबात जागा आहे.

पण खरं सांगायचं तर धार जिल्ह्यात शिंपल्यांना कुणी विचारत नाही. 2023 च्या जानेवारीत तिथल्या डायनासोरच्या 92 घरट्यांवर आणि 256 अंड्यांवर शोधनिबंध आला, आणि त्याच वर्षाअखेरीस शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या देव म्हणून पुजत आलेले गोल दगड ही डायनासोरची अंडी असल्याच्या बातम्या आल्या. ती अंडी शिंपल्यांच्या वरच्या, नंतरच्या थरातली. माझ्या शेजारणीने बातमी आणून दाखवली आणि विचारलं, "तुम्ही तिथेच जाता ना? तुम्हाला कसं नाही सापडलं?" कॅन्ससच्या खडूच्या दगडात याच कुळातले 3 मीटरपर्यंत वाढलेले शिंपले सापडले आहेत, काहींच्या पोटात माशांचे सांगाडेही, असं मी तिला सांगून पाहिलं. 3 मीटर ऐकून तिच्या भुवया थोड्या वर गेल्या. माझे तळहाताएवढे पाहून परत खाली आल्या.

सध्या माझ्या टेबलावर जे नमुने आहेत त्यांचं नाव मी पक्कं केलेलं नाही. वळ्यांची ठेवण एका जातीशी जुळते, अक्षाचा कोन दुसरीकडे ओढतो. अशा वेळी आमच्याकडे शंका लिहायची सोय आहे. नावाआधी 'सीएफ.' घातलं की वाचणाऱ्याने समजायचं, हा तो असावा पण नमुना पुरेसा नाही, 'अ‍ॅफ.' घातलं की जवळचा, पण बहुधा वेगळा. मी 'सीएफ.' घातलं आहे. लेख तपासणाऱ्याने बंधाच्या खळग्यांचं चित्र मागितलं आहे आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे. खळगे दिसल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

यामुळे माझी गोळा करायची पद्धत बदलली. पूर्वी मी अखंड, सुंदर शिंपले शोधायचे. आता चोचेकडून फुटलेले, कड उघडी पडलेले, पावसाने दगडातून अर्धे सुटे केलेले तुकडे शोधते. बिजागरी दिसली तर अशाच तुकड्यात दिसेल. पावसाळा सरून शेतातली कपाशी वेचून होईपर्यंत थांबावं लागतं, मग ओढ्याच्या काठाने उतरायला कुणी हरकत घेत नाही. तिथे शेळ्या राखणारी मुलं मला ओळखायला लागली आहेत. ती हौसेने अख्खे शिंपले वेचून ठेवतात, धुऊन, फडक्यात बांधून. या वेळी मी त्यांना म्हटलं, अख्खे नकोत, तुटलेले आणा, वरचं टोक फुटलेलं असेल असे. सगळ्यांत मोठा मुलगा थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग हिंदीत म्हणाला, "मॅडम, तोड़ के ला दूँ क्या?"